चरखीतली धूळ

निवडणूक जाहीर झाली की आमच्या दुकानात गर्दी होते. ती बंदुका ठेवायला आलेल्यांची. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना हत्यार पोलीस ठाण्यात नाहीतर परवाना असलेल्या दुकानात जमा करावं लागतं. बरेच जण दुकानच पसंत करतात, कारण ठाण्याच्या कोठडीत ओल असते आणि आमच्याकडे तेल असतं. आठ-दहा दिवसांत तिजोरी भरते. प्रत्येक हत्याराला सुतळीने पुठ्ठ्याचं लेबल, लेबलवर नाव, परवाना क्रमांक, हत्याराचा नंबर. पावती फाडली की माणूस हलका होऊन निघून जातो.

मग माझं खरं काम सुरू होतं. मी एकेक रिव्हॉल्व्हर उघडतो, गोळ्या बसतात ती चरखी खिडकीच्या उजेडाकडे धरतो आणि एक डोळा मिटून खणांतून पलीकडे बघतो. गेली अठ्ठावीस वर्षं हेच बघतोय. कुठे कातडी म्यानाचा भुसा, कुठे टाल्कम पावडर, कुठे पितळेवरचा हिरवा थर, कारण कातडी पट्ट्यात काडतुसं वर्षानुवर्षं खोचून ठेवली की ती हिरवी पडतात. एकदा एका खणात कोळ्याचं घर निघालं. बाहेर मालक म्हणत होता, ‘‘रोज कमरेला असते.’’ मी मान हलवली. वाद कशाला? चरखी सगळं सांगते.

मी सुरतच्या नवागामचा. म्हणजे आता नवागामचा. मूळ गाव भुसावळजवळ. 1996 साली, प्लेगनंतर दोन वर्षांनी, ताप्ती लाइनच्या पॅसेंजरने उधन्याला उतरलो, तेव्हा मामाने स्टेशनवर पहिलं वाक्य अहिराणीत उच्चारलं आणि मला वाटलं गाडी उलटी फिरून परत अमळनेरला आली की काय. नवागाम-डिंडोलीत आजही तसंच आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं, श्रावणात कानबाई, गल्लीत मागांची खटखट, आणि दुकानाच्या पाट्या गुजरातीत. मीही दीड वर्ष मागावर काढलं. मग कान गेले असते म्हणून, की रात्रपाळीला कंटाळलो म्हणून, शहरातल्या एका बंदुकीच्या दुकानात झाडू-पोछ्याला लागलो. झाडूवरून तेलाच्या चिंधीवर, चिंधीवरून काउंटरवर. बढती म्हणायची तर एवढीच.

वडील वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत कामगार होते. तिथे रायफलची काडतुसं बनतात. घरी मात्र त्यांनी कधी एक शब्द काढला नाही. विचारलं तर म्हणायचे, ‘‘पितळ बनवतो.’’ मी दुकानात लागल्याचं कळल्यावर मात्र ते पहिल्यांदा बोलले. काडतुसाच्या बुडाकडे बघायला शिक, बाकी शेठ शिकवेल. त्यांचं म्हणणं खरं निघालं. बुडात मधोमध गोल टोपी असेल तर घोड्याची सुई नेमकी त्या टोपीवर बसते आणि बार होतो. बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरची गोळी अशी. बावीसच्या, आमच्या भाषेत ‘टू-टू’च्या, बुडाला टोपीच नाही. दारूला पेटवणारा मसाला काठाच्या पोकळीत फिरवलेला असतो आणि सुईने तो काठ चेपला की गोळी सुटते. म्हणूनच तिला रिमफायर म्हणतात. टोपी नाही, वेगळा भाग नाही, त्यामुळे स्वस्त; पण पुंगळी एकदा वापरली की संपली, पुन्हा भरता येत नाही. 1857 साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने पहिलं रिव्हॉल्व्हर काढलं ते अशाच बावीसच्या छोट्या गोळीचं. आज सर्रास चालणारी लाँग रायफल ही गोळी 1887 पासूनची. एवढं जुनं आणि तरी आमच्या गिऱ्हाइकाला ती खेळण्यातली वाटते.

दुकानात लागून वर्ष झालं नसेल, तेव्हा मी हिचा मान ठेवला नाही आणि शिक्षा भोगली. विकायला आलेलं एक जुनं विलायती बावीसचं रिव्हॉल्व्हर होतं. गिऱ्हाईक आलं की मी मोठ्या ऐटीत चरखी रिकामी दाखवायचो आणि चाप ओढायचो. कटक, कटक, कटक. दिवसातून वीसदा. रिमफायरमध्ये सुई काठावर पडते. काडतूस नसेल तर ती थेट खणाच्या धातूच्या काठावर आपटते. महिन्याभरात खणाच्या तोंडाशी बारीक खोक पडली आणि काडतूस त्या जागी अडकायला लागलं. शेठने भिंगातून बघितलं. मला वाटलं, कामावरून गेलो. ते फक्त म्हणाले, ‘‘अल्या, खाली घोडो ना मारीश!’’ आणि पुढचे सहा महिने माझ्या पगारातून थोडेथोडे कापले. कापले ते बरंच झालं. तेव्हापासून मी बावीसचं हत्यार हातात घेतलं की चाप ओढायचा असेल तर आधी वापरलेल्या पुंगळ्या भरतो.

जिभाऊची गोष्ट सांगायची ती यासाठी की इतक्या वर्षांत ‘बाहेर रानात न्यायला लहान रिव्हॉल्व्हर कुठलं घ्यावं’ हा प्रश्न मला शेकड्याने लोकांनी विचारला, पण त्याचं उत्तर शेवटपर्यंत बघायला मिळालं ते एकट्या जिभाऊच्या बाबतीत.

जिभाऊ माझा चुलत मामेभाऊ, आमच्याच नवागामचा. धंदा कोयत्याचा. म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्यांचा मुकादम. डांग, नंदुरबार, धुळ्याकडून माणसं उचलायची आणि दसरा-दिवाळीनंतर बारडोली, मांडवीच्या बाजूला साखर कारखान्यांच्या उसात उतरवायची. टोळी शेताच्या कडेला पडाव टाकते. प्लास्टिकच्या कागदाची खोपटं, तीन दगडांची चूल, बैल, कुत्री, लेकरं. मुकादमाला उचल आणि आठवड्याचा खर्चीचा पैसा रोख घेऊन रात्री-बेरात्री पडावावर जावं लागतं. एकदा त्याला दोघांनी मोटारसायकल आडवी घालून अडवलं. वाचला, पण अर्ज केला. सुरत शहरात राहणाऱ्याचा परवाना पोलीस आयुक्तांकडून येतो. चौकशी, तपासणी, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, जवळपास वर्ष गेलं. 2021 च्या पावसाळ्यात तो हातात कागद घेऊन दुकानात आला आणि काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, ‘‘आते माले सांग, कोन्ती लेवानी?’’

मी विचारलं, ‘‘कशासाठी?’’

‘‘सगळ्यासाठी. चोर, साप, बिबट्या.’’

इथे मला थांबून सांगायला हवं, कारण हे ‘सगळ्यासाठी’ मला दर महिन्याला ऐकू येतं. कायद्याच्या कागदावर असं सगळ्यासाठी काही नसतं. 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे आणि रायफल क्लबच्या सभासदाला निशाणेबाजीसाठी बावीसची रायफल. रिव्हॉल्व्हरला मात्र तुम्हाला तसंच सबळ कारण दाखवावं लागतं, आणि ते जिवाच्या, पैशाच्या रक्षणाचं असतं, रानातल्या जनावराचं नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली. बिबट्या तर पहिल्या अनुसूचीत. आणि कायदा बाजूला ठेवला तरी चाळीस ग्रेनची गोळी, म्हणजे अडीच-पावणेतीन ग्रॅम शिसं, बिबट्याच्या अंगात घालणं म्हणजे त्याला रागावण्याचं कारण देणं. सापाचं तर विचारूच नका. अंधारात, एका हातात बॅटरी, पायाशी घोणस, आणि दोन इंची नळीतून नेम? गोळी दगडावरून उसळून कुठे जाईल याचा भरवसा नाही; बावीसच्या डब्यांवर छापलेला इशारा मैल-दीड मैलाचा असतो आणि पडावात चहूबाजूंना खोपटी. त्याला मी म्हटलं, सापासाठी गमबूट घे आणि काठी. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की बंदुकीच्या दुकानात बसून हा गमबूट विकतोय.

मग मी तिन्ही मांडली. लाल कापडावर डावीकडे जुन्या धाटणीचं बत्तीसचं सरकारी रिव्हॉल्व्हर, मधून मोडून उघडणारं, वेब्लीच्या वळणाचं. मध्ये कानपूरचं ‘निर्भीक’, तेही बत्तीसचं. 2014 साली महिलांसाठी म्हणून काढलं होतं, अर्धा किलो वजन, किंमत तेव्हाच एक लाख बावीस हजारांच्या वर. उजवीकडे ईशापूरचं ‘निडर’. बावीसचं, आठ गोळ्यांचं, वजन पाव किलो. विलायती हत्यारांची आयात 1980 च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे तेव्हा नवं घ्यायचं तर बहुतेक सरकारी कारखान्यांचंच बघावं लागायचं, आणि जुनं विलायती घ्यायचं तर शेतच विकावं लागायचं.

जिभाऊने पहिल्यांदा डावीकडचं उचललं. सगळे तेच उचलतात. हातात भरतं, पोलिसासारखं वाटतं. मी म्हटलं, ‘‘शर्टाखाली लाव आणि दुकानात दोन फेऱ्या मार.’’ तो फिरला. तिसऱ्या फेरीला हात पट्ट्यावर गेला, पँट वर ओढायला. ‘‘आता मोटारसायकलवर चाळीस किलोमीटर, आणि मग उसाच्या सरीतून चाल,’’ मी म्हटलं. माझा अनुभव असा की जड हत्यार पहिले पंधरा दिवस कमरेला असतं, मग गाडीच्या डिकीत जातं, मग कपाटात. डिकीतलं हत्यार हे सगळ्यांत वाईट. ते चोराला आधी सापडतं.

‘निडर’ उचललं तेव्हा तो हसला. ‘‘हे तर चिलमीएवढं.’’

वजनात चिलमीएवढंच म्हणा. पण हलक्या हत्याराचा एक दोष असतो आणि तो गिऱ्हाइकाला सांगितला नाही तर विक्रेता खोटा. पाव किलोच्या हत्याराचा चाप हत्याराच्या वजनाच्या मानाने बराच जड लागतो, आणि त्यात रिमफायर. काठ चेपायला घोड्याचा ठोका जोरात लागतो, ठोका जोरात म्हणजे स्प्रिंग ताठ, स्प्रिंग ताठ म्हणजे बोटाला ओढ जास्त. बोट ओढतं तशी नळी खाली-डावीकडे झुकते. हे टाळायचा उपाय एकच, भरपूर गोळ्या झाडणं. आणि इथे बावीसची गोळी कामाला येते, कारण ती झाडताना हात मागे फेकला जात नाही, कान बधिर होत नाही, आणि पन्नासचा डबा बत्तीसच्या पन्नासच्या मानाने कितीतरी स्वस्त. परवान्यावर वर्षाला जितक्या गोळ्या लिहिल्या असतील तितक्याच मिळतात, हे खरं. पण ज्या माणसाला आवाजाची भीती वाटत नाही, तो त्या मिळाल्या तेवढ्या तरी वापरतो.

माझं म्हणणं त्याला पटत नव्हतं. पटलं ते रेंजवर. शहराबाहेरच्या एका रेंजवर त्याचं प्रशिक्षण झालं होतं, तिथेच त्याला पुन्हा नेलं. दहा मीटरवर कागद. आधी बत्तीस. जिभाऊ उभा राहिला कोयता उगारल्यासारखा. पहिल्या बाराला त्याने डोळे मिटले. दुसऱ्याला बार व्हायच्या आधीच मिटले. सहापैकी दोन कागदावर, तेही कोपऱ्यात. प्रशिक्षक काही बोलला नाही, त्याच्या हातात बावीस दिलं. आठपैकी सात कागदावर. एक मिस झाली, म्हणजे ठोका बसला पण गोळी सुटलीच नाही. रिमफायरमध्ये असं होतं. मसाला काठाच्या पोकळीत सगळीकडे सारखा पसरला नसेल तर जिथे सुई पडते तिथे तो नसतो. प्रशिक्षकाने त्याला नळी समोरच धरून तीस सेकंद थांबायला लावलं, कारण उशिरानेही बार होऊ शकतो. मग समजावलं, खरी वेळ आली तर थांबायचं नाही, पुन्हा चाप ओढायचा. चरखी फिरते आणि पुढचा खण समोर येतो. पिस्तूल अशा वेळी अडकतं, दोन्ही हातांनी मोकळं करावं लागतं. मिस होणाऱ्या गोळीला रिव्हॉल्व्हर शोभतं ते यासाठी.

त्या रेंजच्या भिंतीवर राही सरनोबतचा फोटो होता. कोल्हापूरची पोरगी, 2018 च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण. नेमबाजीत ते मिळवणारी पहिली भारतीय महिला. जिभाऊने विचारलं, ‘‘ही कोणती वापरते?’’ मी म्हटलं, ‘‘बावीस.’’ तिचं हत्यार स्पर्धेचं पिस्तूल, आपल्या चिलमीशी त्याचं नातं फक्त गोळीपुरतं, हे मी सांगितलं नाही. विक्रेत्याला तेवढी सूट असावी.

त्याने बावीस घेतलं. मी सोबत तीन गोष्टी लिहून दिल्या. त्यातली एकच इथे सांगण्याजोगी आहे. बावीसच्या शिशाच्या गोळीला बाहेरून मेणाचा, चरबीचा हात असतो. गोळी खिशात सुटी टाकली की खिशातला सगळा कचरा तिला चिकटतो. पडावावर तर उसाचं पाचट, राख, तंबाखू. तीच गोळी खणात घातली की काठ नीट बसत नाही, चरखी जड फिरते आणि नेमका ठोका वाया जातो. म्हणून सुट्या गोळ्या नकोत, डबीत ठेव, आणि पंधरा दिवसांनी चरखीच्या मागचा तारा, जो पुंगळ्या बाहेर ढकलतो, त्याच्या खाली दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ कर. तिथे जळलेल्या दारूचे दोन कण साठले तरी तारा वर राहतो.

पुढचं वर्ष माझ्या लेखी गमतीचं. 2022 ची विधानसभा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आचारसंहिता लागली, सुरतचं मतदान 1 डिसेंबरला. म्हणजे उसाचा हंगाम ऐन भरात, पडावावर खर्ची वाटायची वेळ, आणि जिभाऊचं रिव्हॉल्व्हर आमच्या तिजोरीत, सुतळी आणि लेबल लावून. ज्या महिन्यांसाठी घेतलं त्याच महिन्यांत ते त्याच्याकडे नव्हतं. तो पावती घेताना चिडला. ‘‘मग घेतली कशाला?’’ उत्तर माझ्याकडे नव्हतं.

बिबट्या आला तो तेव्हाच. मांडवी तालुक्यातल्या एका शेतात तोड चालू होती. उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते, तोड पुढे सरकते तशी तिची जागा आटत जाते. वन खात्याची माणसं पिल्लं आईकडे परत जावीत म्हणून रात्र-रात्र बसलेली मी ऐकली आहेत. त्या संध्याकाळी मादी पडावापासून शंभर पावलांवर सरीत उभी राहिली. जिभाऊचा हात कमरेला गेला. कमर रिकामी. त्याने सांगितलं ते असं: ‘‘हात रिकामा परतला तेव्हा डोकं चालायला लागलं.’’ त्याने बायकांना, पोरांना मध्ये घेतलं, दोघांनी तेलाचे डबे बडवले, ट्रॅक्टरचे दिवे त्या बाजूला लावले, वन खात्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी तोड दुसऱ्या टोकाने सुरू केली. मी त्याला विचारलं, रिव्हॉल्व्हर असतं तर? बराच वेळ तो गप्प. मग म्हणाला, ‘‘झाडली असती. हवेत तरी.’’ हवेत म्हणजे कुठे, हे मी त्याला रेंजवरच सांगितलं होतं.

निकालानंतर तो हत्यार घेऊन गेला. पुढच्या हंगामाआधी एकदा रेंजवर जाऊन आला, तेही मला न सांगता.

2024 ची लोकसभा आली. सुरतच्या जागेवर त्या वर्षी मतदानच झालं नाही, उमेदवार बिनविरोध निवडून आला. शहरातले काही परवानाधारक दुकानात येऊन विचारायला लागले की आता हत्यारं परत द्या. आमचा भाग मात्र लोकसभेला नवसारीत मोडतो, 7 मेला आम्ही रांगेत उभे होतो. आचारसंहिता मतदारसंघ बघत नाही, असं सगळ्यांना सांगून सांगून माझा घसा बसला.

जिभाऊ ठेवायला आला. मी सवयीने चरखी बाहेर काढली आणि खिडकीकडे धरली. आठही खण स्वच्छ, आणि खणांच्या तोंडाशी करड्या रंगाची बारीक कडी. शिसं आणि दारू जळल्यावरच उमटते अशी. ताऱ्याखाली ब्रश फिरल्याच्या खुणा. त्या मोसमात शंभरावर हत्यारं माझ्या हाताखालून गेली असतील. अशी कडी मी तीन चरख्यांत बघितली. दोन नेमबाजांच्या होत्या. मी काही न बोलता पावती फाडली.

जूनमध्ये निकाल लागला. आठवडाभरात तिजोरी रिकामी झाली. ज्यांच्या खणांत कोळी राहतो ते सगळ्यांत आधी आले, जणू त्यांच्यावाचून रात्र काढणं अवघड झालं होतं. जिभाऊ आला नाही. जुलैत फोन केला तर म्हणाला, राहू दे, हंगामाला नेईन, घरात लहान पोरं आहेत आणि तुझ्याकडे तेल असतं. महिन्याचं भाडं लागेल म्हटलं. लाव म्हणाला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मीच पुन्हा फोन केला. आमच्या दुकानातून त्या दिवशी लोक पूजेसाठी म्हणून हत्यारं नेतात, हार-कुंकू लावून परत आणतात, आणि मग मी दोन दिवस चरखीतलं कुंकू टोकरत बसतो. म्हटलं, ‘‘पूजेला तरी घेऊन जा.’’

पलीकडे पडावाची तयारी चालली असावी. माणसांचा गलका, कुठेतरी दगडावर धार लावल्याचा आवाज.

‘‘पूजा कोयतानी करस मी,’’ तो म्हणाला. ‘‘तो रोज चालस.’’ आणि विचारलं, या खेपेला गमबूट कुठे स्वस्त मिळतील, बावीस जोड हवेत.